आकडा वाढला, म्हणजे रोग वाढला?

एखाद्या वस्तीत क्षयाचे पाच रुग्ण सापडले की 'तिथे रोग फार पसरलाय' असे आपण लगेच बोलून मोकळे होतो. आकाशातही अशा काही 'वस्त्या' आहेत. सप्तर्षींतल्या वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांजवळ एम-१०१ ही दीर्घिका आहे, आपल्यापासून सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर. तिथे १९०९, १९५१, १९७०, २०११ आणि २०२३ साली ताऱ्यांचे प्रचंड स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा, दिसले. १९ मे २०२३ चा स्फोट जपानमधले हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी टिपला. पवईची आयआयटी आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून लडाखमध्ये हानले येथे ७० सेंटिमीटरची दुर्बीण चालवतात. तिनेही त्याचा मागोवा घेतला. एनजीसी ६९४६ ही दीर्घिका तर त्याहून वरचढ. १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत तिथे दहा स्फोट नोंदले गेले, म्हणून तिला 'फटाक्यांची दीर्घिका' म्हणतात. आपल्या आकाशगंगेत मात्र नुसत्या डोळ्यांना दिसलेला शेवटचा स्फोट १६०४ सालचा.

हा फरक का? एक कारण खरेखुरे आहे. या दीर्घिकांत नवे, वजनदार तारे भराभर जन्मतात, आणि असे तारे अल्पायुषी असतात. दुसरे कारण पाहणाऱ्याकडचे. या दीर्घिका जवळ आहेत, त्यांची तबकडी आपल्यासमोर उघडी आहे आणि त्यांच्यावर सतत दुर्बिणी रोखलेल्या असतात. आपण मात्र आकाशगंगेच्या तबकडीतच बसलो आहोत, त्यामुळे तिच्यातलेच स्फोट धुळीआड दडतात. एम-८२ या धुळकट दीर्घिकेतला २००८ चा स्फोट साध्या प्रकाशात दिसलाच नाही. दुसऱ्या वर्षी तो रेडिओ दुर्बिणीला सापडला, कारण रेडिओ लहरी धुळीतून पार होतात.

म्हणून खगोलशास्त्रज्ञ नुसते स्फोट मोजत नाहीत. स्फोट झाला असता तर तो नक्की दिसला असता, असा काळ किती होता, हे ते आधी काढतात आणि त्या काळाने भागतात. किती सापडले, याच्या आधी किती शोधले, हा प्रश्न येतो.

आरोग्याच्या आकड्यांना आपण हा प्रश्न विचारत नाही. वॉर्डनिहाय यादी आली की परळ-लालबागचा आकडा मोठा की दादरचा, यावर चर्चा सुरू होते. जिथे आरोग्यसेविका दारोदार फिरल्या, थुंकी तपासली, एक्स-रे काढले, तिथला आकडा वाढणारच. मग त्याच वॉर्डाला जाब विचारला जातो, आणि कमी तपासणारा शेजारी शाबासकी घेऊन जातो. परळच्या मोठ्या रुग्णालयांत राज्यभरातून रुग्ण येतात. त्यांचा पत्ता नीट नोंदवला नाही, तर भलत्याच वस्तीच्या माथी रोग बसतो.

क्षयाच्या बाबतीत 'धूळ' किती दाट आहे, हे २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने दाखवले. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक निसटले असते. त्यांना विचारण्याजोगी लक्षणेच नव्हती.

याचा अर्थ वाढलेला आकडा म्हणजे केवळ तपासणीची करामत, असाही नाही. एनजीसी ६९४६ मध्ये तारे खरोखरच जास्त जन्मतात, तसा एका खोलीत सातजण झोपतात आणि जिथे ऊन-वारा शिरत नाही, तिथे क्षय खरोखरच जास्त पसरतो. मग ते घर चाळीतले असो की एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतले. शिवाय बेरीज एकच असली तरी आजार एकच नसतो. एम-१०१ मधला २०११ चा स्फोट श्वेतबटू ताऱ्याचा होता, २०२३ चा महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून झालेला. साधा क्षय आणि औषधांना दाद न देणारा क्षय यांचीही अशीच वेगवेगळी मोजदाद हवी. दोन्हींचे उपचार निराळे आहेत.

माझे म्हणणे एवढेच, की वॉर्डाचा रुग्णांचा आकडा जाहीर करताना तिथे किती जणांची तपासणी झाली आणि किती एक्स-रे निघाले, हेही शेजारच्या रकान्यात छापावे. ते कळल्याशिवाय कुणाला दोष देऊ नये आणि कुणाची पाठही थोपटू नये. आणि वाचकहो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी आणि पालिकेच्या केंद्रांत ही तपासणी मोफत होते. तुमच्यामुळे वॉर्डाचा आकडा एकाने वाढला तर वाढू द्या. सापडलेला रुग्ण बरा करता येतो.