भावांमधली भिंत

2018 च्या जानेवारीत सोलमध्ये बिटकॉइन घेणारा माणूस त्याच बिटकॉइनसाठी अमेरिकी ग्राहकापेक्षा काही दिवस तब्बल 40 टक्के जास्त मोजत होता. दक्षिण कोरियात याला 'किमची प्रीमियम' म्हणतात. जिथे स्वस्त तिथे घ्यायचे, महाग तिथे विकायचे, याला आर्बिट्राज म्हणतात. अशी तफावत आर्बिट्राज करणाऱ्यांनी तासाभरात बुजवायला हवी होती. ती आठवडेच्या आठवडे टिकली.

इगॉर माकारोव आणि आन्त्वानेट शोअर या अभ्यासकांनी त्या काळातले सौदे तपासले, तेव्हा कारण उघड झाले. इथर हे दुसरे आभासी नाणे देऊन बिटकॉइन घ्यायचे तर देशोदेशींच्या दरांत फरक किरकोळ होता. फरक पडत होता तो वॉन (कोरियाचे चलन) किंवा डॉलर मोजताना. नाणे सोलला काही मिनिटांत पोहोचे, पण विकून आलेले वॉन परत नेताना परकीय चलनाचा कायदा आडवा येई. कागदपत्रांविना वर्षाला 50 हजार डॉलरच बाहेर पाठवता येत.

3 डिसेंबर 2024 च्या रात्री या अडथळ्याची उलटी बाजू दिसली. दक्षिण कोरियात लष्करी कायदा जाहीर होताच तिथल्या 'अपबिट' या एक्सचेंजवर बिटकॉइन सुमारे 13 कोटी वॉनवरून 8.8 कोटींपर्यंत कोसळले. जगात इतरत्र घसरण किरकोळ होती. गर्दीने व्यवहार अडखळले आणि भाव सावरण्याआधी ज्यांनी घाबरून विकले, त्यांचा जवळपास तिसरा हिस्सा गेला.

भारताने अशीच एक भिंत करातून उभी केली आहे. 1 जुलै 2022 पासून आभासी नाण्यांच्या विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापला जातो, नफा असो वा तोटा. आर्बिट्राजमध्ये लाखाच्या सौद्यामागे पाचशे रुपये सुटले तरी चांगले, आणि कापले जातात हजार! दिवसातून दोनदा पैसा फिरवणाऱ्याचे निम्मे भांडवल पाच आठवड्यांत सरकारकडे अडकते. ते सुटते विवरणपत्र भरल्यावर. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करण्याची मुभाही नाही. मग भाव जुळवणारा बाजारातून उठतो आणि भावांतल्या फरकाचा भुर्दंड मोबाइलवरून दोन हजारांचे नाणे घेणाऱ्या नाशिक-सांगलीच्या तरुणावर पडतो.

सट्ट्याला आळा घालण्याचा सरकारचा हेतू आम्हाला मान्य आहे. त्यासाठी नफ्यावर 30 टक्के कर आहेच. टीडीएस व्यवहारांचा माग लागावा म्हणून असेल, तर 0.01 टक्क्यानेही तीच नोंद होते. अर्थमंत्रालयाने येत्या अर्थसंकल्पात दर तिथवर खाली आणावा.