ती काळी मळी फेकू नका

इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या खंजिराचं पातं क्ष-किरणांनी तपासलं, तेव्हा त्यात जवळपास 11 टक्के निकेल निघालं. 2016 साली निष्कर्ष जाहीर झाला: हे लोखंड उल्केचं!

खाणीतल्या लोखंडाचं मूळ शोधणं याहून अवघड. खनिजातून लोखंड गाळताना उरणाऱ्या मळीचे बारीक कण घणाचे घाव घालूनही धातूत अडकून राहतात. त्यांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण खनिजाची ओळख सांगतं. ऑस्मियमची समस्थानिकंही मदतीला येतात.

नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला महापाषाणयुगीन लोखंडाची भट्टी मळीसह सापडली. विदर्भात त्या काळच्या दफनांभोवतीच्या शिळावर्तुळांत मिळालेल्या कुऱ्हाडी नायकुंडच्याच लोखंडाच्या का, हे अशा तपासणीतून उलगडू शकतं. म्हणून उत्खननात मण्या-दागिन्यांइतकीच ओबडधोबड मळीही जागेच्या नोंदीसह जपायलाच हवी. ती मातीच्या ढिगाऱ्यात गेली, तर कुऱ्हाडीतले कण कशाशी ताडून पाहणार?