पस्तीसचे वीस झाले. गणित कोणाचे सुटले?

२०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद वर्तमानपत्रांतून बाहेर आली आणि वस्त्यावस्त्यांतल्या अनेक आयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुण पडले तरी मुलाला अकरावीचे दार उघडे राहावे, अशी ती तरतूद. अट एकच. गुणपत्रिकेवर शेरा पडेल की, या विद्यार्थ्याला यापुढे गणित-विज्ञानावर आधारलेले अभ्यासक्रम घेता येणार नाहीत.

वर्ष वाचते, पोर घरी बसत नाही, हे खरे आहे. बीजगणिताच्या एका पेपरापायी शाळा सुटलेली, धुणीभांड्याला लागलेली, बोहल्यावर चढवलेली मुलगी आम्ही पाहिली आहे. तेव्हा वीस गुणांना उठून नाही म्हणावे इतके आम्ही निष्ठुर नाही. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती. त्यामागे मुलांविषयीची कळकळच होती. प्रश्न त्या वीस गुणांचा नाही, त्या शेऱ्याचा आहे. तो शेरा कोणाच्या पोरांच्या गुणपत्रिकेवर पडणार? ज्याच्या घरी शिकवणीला हजारो रुपये मोजता येतात त्याच्या? की ज्याच्या शाळेत आठवीपासून गणिताचा शिक्षकच धड टिकला नाही त्याच्या? उत्तर सांगायला बीजगणित यावे लागत नाही.

दार बंद करायची ही रीत जुनीच आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांना पर्शियन घ्यावे लागले. त्यांना संस्कृत झेपणार नाही असे काही कोणी तपासून पाहिले नव्हते! धनंजय कीरांच्या चरित्रात एल्फिन्स्टन हायस्कुलातला प्रसंग आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. हा मुलगा फळ्याला शिवेल आणि डबे बाटतील, म्हणून मुलांनी धावत जाऊन आधी डबे बाजूला फेकले, मग भीमराव फळ्यापर्यंत पोहोचू शकले. आमच्या माणसाचे आणि फळ्यावरच्या गणिताचे नाते असे सुरू झाले आहे. आज डबे कोणी हलवत नाही. आज फक्त सांगितले जाते, ‘तुला नाही जमणार, तू आर्ट्स घे.’

आर्ट्स घेण्यात कमीपणा नाही. पण निवड केली आणि ढकलले गेलो, यात फरक आहे. पॉलिटेक्निकला गणित लागते. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला गणित लागते. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित असते आणि लोकसेवा आयोगाच्या पेपरातही आकडेमोडीचे प्रश्न असतात. म्हणजे वस्तीतला पोरगा ज्या ज्या दारातून वर जाऊ पाहतो, त्या प्रत्येक दारात हा द्वारपाल उभा आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोधीबरोबर हिशेबही शिकवा अशी मागणी केली होती. कुळकर्ण्याच्या लेखणीने गाव कसे लुटले जाते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हिशेब ज्याच्या हाती, गाव त्याच्या हाती.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले होते. १९७२ साली आमच्या तरुणांनी पँथर हे नावही तिकडूनच घेतले. पण त्याच काळ्यांच्या चळवळीतला एक माणूस पुढे बीजगणिताची चळवळ उभारतो, याची दखल आमच्याकडे फारशी घेतली गेली नाही. त्यांचे नाव बॉब मोझेस. १९३५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्म, हार्वर्डला तत्त्वज्ञान, मग शाळेत गणिताची मास्तरकी. १९६१ मध्ये ते मिसिसिपीत गेले. तिथे काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतले कलम वाचून त्याचा अर्थ नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल असा सांगावा लागे. समाधान अर्थातच होत नसे. आधी शाळा द्यायची नाही, मग वाचता येत नाही म्हणून मत द्यायचे नाही, असा हा कावा! लोकांना घेऊन कचेरीत गेले म्हणून मोझेस यांचे डोके फोडण्यात आले. चळवळीतील त्यांचे सहकारी, शेतकरी हर्बर्ट ली यांना त्याच वर्षी गोळी घालून मारण्यात आले. मारणारा राज्य विधिमंडळाचा सदस्य होता.

मतदान हक्काचा कायदा १९६५ ला झाला. मोझेस पुढे टांझानियात जाऊन काही वर्षे गणित शिकवत राहिले. परतल्यावर १९८२ साली केंब्रिज शहरात, आपली मुलगी आठवीला गेली तेव्हा, त्यांच्या ध्यानात आले की शाळेत तिच्या इयत्तेला बीजगणितच नाही. आठवीत बीजगणित नाही म्हणजे पुढे वरच्या गणिताच्या वर्गात जागा नाही, आणि तिथे जागा नाही म्हणजे विज्ञानाच्या, अभियांत्रिकीच्या कॉलेजची वाट बंद. कोणत्या रंगाची मुले कोणत्या वर्गात बसलेली आहेत, हेही त्यांनी पाहिले. त्यांनी स्वतः त्या वर्गात जाऊन शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. २०२१ मध्ये ते वारले, तोवर त्यांनी हे काम सोडले नाही. ज्या मिसिसिपीत मार खाल्ला, त्याच राज्याच्या जॅक्सन शहरातल्या शाळेतही त्यांनी बीजगणित शिकवले.

त्यांचे म्हणणे सरळ होते. साठच्या दशकात मत नसलेला माणूस नागरिक नव्हता. यंत्रांच्या आणि संगणकाच्या जगात गणित नसलेला माणूस तसाच वेठबिगार होणार. मिसिसिपीतले गोरे अधिकारी म्हणत, काळ्यांना मतदानाची हौसच नाही, ते येतच नाहीत. ज्या दिवशी शेतमजुरांच्या रांगा कचेरीपुढे लागल्या, त्या दिवशी ते खोटे पडले. शाळेतही तेच बोलले जाते: या मुलांना शिकायचेच नाही. मोझेस म्हणत, याचे उत्तर मास्तर देऊ शकत नाही, पुढारी देऊ शकत नाही, ती मागणी खुद्द मुलांच्या तोंडून यावी लागते.

आणि त्यांनी शिकवले कसे? मुलांना घेऊन ते भुयारी रेल्वेने फिरायला गेले. परत येऊन मुलांनी प्रवासाचे चित्र काढले, तो आपल्या बोलीत सांगितला, मग नेमक्या शब्दांत सांगितला, आणि सर्वांत शेवटी चिन्हे आली. आमच्याकडे हा क्रम बरोबर उलटा असतो. चिन्ह पहिल्या दिवशी फळ्यावर आणि अर्थ कधीच नाही.

मुंबईच्या पोराला हे समजायला बोस्टनची गाडी नको. कुर्ल्याला शून्य माना. ठाण्याकडे जाताना विद्याविहार एक, घाटकोपर दोन, विक्रोळी तीन. दादरकडे जाताना शीव उणे एक, माटुंगा उणे दोन, दादर उणे तीन. आता शीवहून घाटकोपरला जायचे तर स्लो गाडीने किती स्टेशने? बोटांवर मोजले तरी तीन. तेच वहीत लिहिले की दोन वजा उणे एक बरोबर तीन. ‘वजा आणि उणे मिळून अधिक’ हा जो मंत्र मुले अर्थ न कळता घोकतात, तो रोजच्या पासावर लिहिलेला आहे! ऋण या शब्दाचा मूळ अर्थच कर्ज. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले ते मालमत्ता आणि देणे याच भाषेत. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सावकाराची वही आली, त्यांना शून्याच्या खालची संख्या समजत नाही हे आम्ही मानत नाही. ती ग्रंथात संस्कृतात होती आणि ग्रंथ आमच्यासाठी नव्हता, एवढेच.

इथे एक कबुली देतो. आम्ही स्वतः दहावीला बीजगणितात आपटलो होतो आणि ऑक्टोबरची वारी केली होती. आमची चूक आजही हजारो वह्यांत आहे. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ असे मास्तरांनी पाठ करून घेतले होते. मग ३क्ष = १२ आले की आम्ही बेधडक लिहायचो, क्ष = १२ – ३, म्हणजे ९. लाल रेघ पडायची. का पडली, हे विचारायची सोय नव्हती. विचारले की आमच्या वस्तीचे नाव निघायचे. शेजारी बाजारात तोलाईचे काम करणारे एक मापाडी काका राहायचे. शिक्षण चौथी. ते म्हणाले, ‘‘पोरा, हा तराजू आहे. एका पारड्यात सारख्या तीन पिशव्या, दुसऱ्यात बारा किलो वजन. तू बारातून तीन किलो उचललेस तर पारडे वर जाईल की रे! पिशवी एकच ठेवायची तर दोन्हीकडचे तीन-तीन वाटे कर, एकेक ठेव.’’ बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजूची दांडी, हे आम्हाला शाळेने सांगितले नाही. मापाड्याने सांगितले.

तेव्हा बीजगणितात अडलेल्या मुलाला ‘ढ’ म्हणण्याआधी तो कुठे अडला ते बघा. बहुतेक वेळा तो बीजगणितात अडलेलाच नसतो. तो पाचवीच्या अपूर्णांकात अडलेला असतो, भागाकारात अडलेला असतो. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. त्यांच्यापुढे वर्गसमीकरण ठेवायचे आणि मग शेरा मारायचा, हा कोणता न्याय? शेरा मारायचाच असेल तर शाळेवरही मारा. आठवी ते दहावी या तीन वर्षांत गणिताचा शिक्षक किती महिने वर्गात होता, हे गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापा.

हे झाले सरकारचे. आता आपल्या घरातले बोलू. जून-जुलैत आपल्याकडे गुणगौरव समारंभांचे पेव फुटते. नव्वद टक्केवाल्याला शाल, ट्रॉफी, फोटो. जो गणितात नापास झाला तो मंडपाच्या मागे खुर्च्या मांडत असतो. त्याला कोणी विचारले का, की पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरलास का? जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च आणि गणिताच्या मास्तरचे वर्षाचे मानधन, ही दोन पारडी एकदा मंडळाने समोरासमोर ठेवावीत. आणि आईबापांनो, ‘आपल्यात कोणाला गणित आलंय’ हे वाक्य मुलासमोर बोलू नका. फळ्यामागचे डबे आता आपणच हलवू लागलो आहोत.

यंदा परीक्षेला बसणाऱ्यांना थोडे व्यवहाराचे. भाग एकच्या पुस्तकात सगळी प्रकरणे सारखी अवघड नाहीत. अर्थनियोजन, सांख्यिकी, संभाव्यता यांत भाषा समजली की आकडेमोड साधी आहे. तिथून सुरुवात करा. दोन चलांच्या समीकरणांत डोके चालेनासे झाले तर क्रेमरची पद्धत पक्की करा, ती गिरवून येते. वर्गसमीकरणाचे अवयव सुचले नाहीत तर सूत्र आहे. पायरी लिहा, पायरीला गुण असतात. कोरे पान सोडू नका. पण एवढ्यावर पस्तीस पडतील, गणित येणार नाही. त्यासाठी निकालानंतरचे दोन महिने अपूर्णांकांपासून पुन्हा सुरुवात करावी लागेल, आणि ते करायला लाजू नका.

आणि आपल्यातले बँकेतले, रेल्वेतले, एमएसईबीतले निवृत्त लोक, तुमचा रविवार हवा आहे. एका वस्तीतल्या विहारात असा वर्ग चालतो, तिथे आम्ही मागे जाऊन बसलो होतो. शिकवणारे निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिले नाही, दोन बिले लिहिली. दोन वडापाव, एक चहा, चाळीस रुपये. एक वडापाव, दोन चहा, पस्तीस रुपये. वडापाव केवढ्याला? मागच्या रांगेतली नववीची मुलगी, शाळेच्या चाचणीत सहा गुणांची धनी, पटकन म्हणाली, ‘‘दोन्ही बिलं मिळवा काका. तीन वडापाव, तीन चहा, पंचाहत्तर. म्हणजे एक-एक पंचवीसला. चाळीसातून पंचवीस गेले, वडापाव पंधरा, चहा दहा.’’ तिची आई स्टेशनाबाहेर गाडी लावते.

तिकीट तपासनीसांनी तिला फळ्यापाशी बोलावून तेच क्ष आणि य घालून लिहायला सांगितले. तिला ते जमेपर्यंत आणखी तीन रविवार गेले.