विचित्राचे मोल

हसण्यालाही सबळ कारण हवे, असे मानणारा एक वर्ग प्रत्येक समाजात असतो. ज्या विनोदातून काही बोध मिळत नाही, तो या वर्गाला वेळेचा अपव्यय वाटतो. मराठी परंपरेने मात्र विक्षिप्त हास्याला कधी परके मानले नाही. संत एकनाथांच्या भारुडांत विंचू, भूत, जोशी, मुका, बहिरा अशी नाना सोंगे येतात. श्रोता प्रथम हसतो आणि अर्थाकडे नंतर वळतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवर जी चमत्कारिक चलच्चित्रे अवतरली, त्यांना अनेक जाणत्यांनी रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून झिडकारले. हा निवाडा घाईचा होता.

या चलच्चित्रांचे वेडेवाकडे रूप बव्हंशी परिस्थितीतून घडले होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी दिल्लीसह मोजक्या महानगरांत सुरू झाली. टेलिफोनच्या तारेवरून येणारी ती जोडणी इतकी मंद होती, की एखादे मोठे छायाचित्र पडद्यावर उमटायलाही काही मिनिटे लागत. अशा वाटेने लांबलचक चित्रपट पाठवणे दुरापास्तच होते. जगभरातील हौशी चित्रकारांनी त्यावर दोन युक्त्या योजल्या. पहिली म्हणजे चार-दोन चित्रांची तीच ती हालचाल पुनःपुन्हा फिरवत ठेवणे. १९८७ मध्ये आलेला ‘जिफ’ हा चित्रप्रकार त्यासाठी उपयोगी पडला. दुसरी युक्ती १९९६ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘फ्लॅश’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या सॉफ्टवेअरची. त्यात चित्राचा प्रत्येक ठिपका साठवण्याऐवजी रेषांचे गणिती वर्णन साठवले जाई. साहजिकच फाइल लहान होई. एक संगणक आणि थोडी चिकाटी एवढ्या भांडवलावर एकटा माणूसही चित्रपट रचू लागला. त्याच्यावर ना निर्मात्याचा वचक होता, ना संपादकाचा. या मोकळीकीतूनच कल्पनेच्या अफाट उड्या आणि हाताचा कच्चेपणा, दोन्ही एकत्र नांदू लागले.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९६ मधील ‘नाचणारे बाळ’. एका ॲनिमेशन सॉफ्टवेअरची करामत दाखवण्यासाठी केलेला तो निव्वळ नमुना होता. लोकांना हसवावे, असा त्यामागे हेतू नव्हता. परंतु लंगोट घातलेले ते बाळ मोठ्या माणसासारखे नाचताना पाहून लोकांना गंमत वाटली. ई-मेलच्या द्वारे ते देशोदेशी पोहोचले आणि १९९८ मध्ये ‘ॲली मॅकबील’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतही झळकले. ओवी किंवा उखाणा जसा कर्त्याचे नाव मागे टाकून तोंडोतोंडी फिरतो, तसेच येथे घडले.

दिल्लीकरांचाही या इतिहासात वाटा आहे. दिल्लीत स्थायिक झालेले पंजाबी गायक दलेर मेहंदी यांची गाणी त्यांच्या दृश्यफितींत नाचणाऱ्या सुंदर तरुणींमुळे खपतात, अशी टीका होत असे. या टीकेला उत्तर म्हणून त्यांनी १९९८ मध्ये ‘तुनक तुनक तुन’ या गाण्याच्या फितीत दुसऱ्या कोणालाही स्थान दिले नाही, असे सांगितले जाते. निरनिराळ्या रंगांचे अंगरखे घातलेले चार दलेर संगणकाच्या साहाय्याने डोंगर-आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकत्र नाचू लागले. पुढे ही फीत इंटरनेटवरून अशा देशांत गेली, जेथे पंजाबीचा गंधही नव्हता. २००७ मध्ये तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकीय खेळातील एका काल्पनिक जमातीच्या पुरुषपात्रांना याच नृत्याच्या हालचाली देण्यात आल्या.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पगडीधारी गायकाचा तो नाच पाहून हसणारे परदेशी प्रेक्षक त्याच्यासोबत हसत होते, की त्याला हसत होते? काही जण नक्कीच त्याला हसत असतील. तथापि जो हसत हसत त्याच्या तालावर नाचू लागला, त्याने त्याला नकळत आपलेसे केले. ‘संता-बंता’च्या विनोदांबाबत मात्र असे म्हणता येत नाही. संगणक व मोबाइलमुळे हे विनोद घरोघरी गेले आणि एका कष्टाळू, शूर समाजाला मूर्ख ठरवत राहिले. त्यांवर निर्बंध यावेत, यासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. २०१७ मध्ये न्यायालयाने समाजासाठी अशी नैतिक नियमावली घालून देण्यास नकार दिला. तो योग्यच होता; कारण जे काम सुसंस्कृत मनाचे आहे, ते कायदा करू शकत नाही. विक्षिप्त विनोद स्वतःच्या वेडेपणावर उभा असतो, तोवर तो निर्मळ असतो. दुसऱ्याच्या अपमानावर तो उभा राहिला, की त्याचे विष होते.

या हास्याचा दुसरा वारसा शिक्षणाशी निगडित आहे. १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे डॉ. सुगता मित्रा यांनी झोपडवस्तीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. तरी मुले खेळता खेळता तो वापरू लागली. पडद्यावर येणाऱ्या वाळूच्या घड्याळाला त्यांनी ‘डमरू’ असे नाव दिले. नव्या यंत्राची भीती अशी खेळातून आणि गमतीतूनच गळून पडते.

ज्याला क्षुल्लक मानले जाते, ते सहज नष्ट होते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचा आज काही भागच उपलब्ध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली, तोवर असंख्य मूकपट काळाच्या पडद्याआड गेले होते. ‘फ्लॅश’ची गतही तशीच झाली असती. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याच्या निर्मात्या कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि हजारो चलच्चित्रे मुकी होण्याची वेळ आली. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संस्थेने व अनेक स्वयंसेवकांनी त्यांतील पुष्कळ वाचवली. भारतीय भाषांतील अशा निर्मितीसाठीही तशीच तळमळ दाखवली गेली पाहिजे.

या राशीत केरकचराही विपुल आहे, हे नाकारता येत नाही. पण पूर्वी चित्र हलवण्याचे सामर्थ्य मोठ्या संस्थांपाशी होते, ते सामान्य माणसाच्या हाती प्रथम आले, ते याच ओबडधोबड खेळातून. आज मोबाइलवर चित्रफीत करणारा प्रत्येक जण त्या परंपरेचा वारस आहे. वारसाहक्कासोबत जबाबदारीही येते. एखादी गंमत पुढे धाडण्यापूर्वी, जिच्यावर ती बेतली आहे, त्या व्यक्तीलाही ती पाहून हसू येईल काय, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारले, तरी त्या जबाबदारीचा मोठा भाग पार पडेल.