देवडीवरील प्रतिनिधि

आंतरजालावरील एखादें मोठें संकेतस्थळ आपणांस एकाच ठिकाणीं वसलेलें दिसतें. वस्तुतः त्यामागें अनेक सर्व्हर राबत असतात: एक चित्रें पुरवितो, दुसरा शोध घेतो, तिसरा पैशांचा हिशेब पाहतो. तरी वाचकास पत्ता एकच ठाऊक असतो. हें ज्याच्यामुळें साधतें, त्यास ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधि. साधा प्रॉक्सी मागणाराच्या वतीनें बोलतो, हा देणाराच्या वतीनें; म्हणून तो उलटा.

वाड्याच्या देवडीवरील माणसाशीं त्याची तुलना सहज सुचते. पण एक भेद ध्यानांत ठेवावा. देवडीवाला पाहुण्यास आंत सोडतो. हा पाहुण्यास दारांतच थांबवून निरोप स्वतः आंत नेतो व उत्तरहि स्वतःच आणून देतो. निरोप कोणाकडे न्यावयाचा, हें तो बहुधा दोन खुणांवरून ठरवितो: विनंतींत लिहिलेलें स्थळाचें नांव आणि त्यापुढील मार्ग. हें नांव लिहिणें १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ या नियमावलीनें सक्तीचें केलें, आणि एकाच पत्त्यावर अनेक स्थळें नांदणें सुकर झालें. रशियांतील ईगोर सिसोयेव्ह यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेली ‘एन्जिनएक्स’ ही प्रणाली या कामीं जगभर वापरली जाते. एकाच वेळीं १०,००० जोडण्या सांभाळतां याव्या, हा तिचा मूळ हेतु.

परंतु खरा प्रश्न विश्वासाचा आहे. प्रत्येक निरोप प्रतिनिधीच्याच हातून येत असल्यामुळें आंतील सर्व्हरास मूळ मागणारा दिसत नाहीं. म्हणून प्रतिनिधि निरोपासोबत मूळ पत्त्याची चिठ्ठी जोडतो. पण अशी चिठ्ठी बाहेरचा मनुष्य आगाऊच खोटी लिहून आणूं शकतो! ‘मी घरचाच’ असें तीवर असलें आणि ती तशीच पुढें गेली, तर आंतला भोळा सर्व्हर परक्यास घरच्या माणसाचे अधिकार देऊन बसेल. यास्तव तीन गोष्टी पाळाव्या. बाहेरून आलेली चिठ्ठी दारांतच फाडून प्रतिनिधीनें स्वतः नवी लिहावी. आंतील सर्व्हरांनीं तीच प्रमाण मानावी. आणि मागील दार कोणासहि उघडें ठेवूं नये. नाहीं तर पुढील पहारा व्यर्थ होय.

उंबरठ्यावरील दिवा घर आणि अंगण दोन्ही उजळतो, यास देहलीदीपन्याय म्हणतात. या प्रतिनिधीचें कर्तव्य तेंच: बाहेरच्यास उत्तर द्यावें, आंतल्यास खरी ओळख. मात्र दिवा एकच असला, तर तो मालवतांच सारें घर अंधारांत बुडतें. म्हणून जाणते लोक उंबरठ्यावर दुसरा दिवा तयार ठेवतात.