विश्लेषण : आरोग्य संशोधन गावापर्यंत का पोहोचत नाही? गडचिरोलीने काय वेगळे केले?

सार्वजनिक आरोग्यावरील बरेचसे संशोधन इंग्रजी नियतकालिकात छापून येते आणि तिथेच थांबते. ज्या घरांतून माहिती घेतली, ज्यांच्या बाळांची वजने केली, त्यांना पुढे काय निघाले हे क्वचितच कळते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम याला ठळक अपवाद आहे.

शास्त्रज्ञांना काय सांगितले?

‘सर्च’ने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने सुमारे ६२ टक्के घटला. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. इथे पद्धत, आकडे आणि मर्यादा यांना महत्त्व होते.

गावात काय पोहोचवले?

त्याआधीच्या न्यूमोनियाच्या कामात अडचण वेगळी होती. दोन महिन्यांहून लहान बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल, तर न्यूमोनियाची शंका घेतात. पण शाळेत न गेलेल्या दाईने ६० पर्यंत मोजायचे कसे? त्यासाठी मण्यांचे साधे यंत्र तयार झाले. सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, की उपचार सुरू. निकष डॉक्टरांचाच, फक्त तो दाईच्या हाती देता येईल असा केला.

सरकारला कसे पटवले?

राज्यातील बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा खूप जास्त आहेत, हे मांडणाऱ्या अहवालाचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. मराठी माणसाला या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विषय वृत्तपत्रांत आणि विधिमंडळात गाजला. पुढे राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २०११ मध्ये आशांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आला. म्हणजे ‘लॅन्सेट’मधील लेखानंतर तब्बल १२ वर्षांनी.

सोपे करताना धोका कोणता?

‘घरच्या काळजीने बाळे वाचतात’ या वाक्याचा अर्थ कुणी ‘दवाखान्याची गरज नाही’ असा लावू शकतो. म्हणून आकड्यासोबत तो कुठला, कोणत्या परिस्थितीतला आणि कुणाच्या प्रशिक्षणामुळे शक्य झाला, हेही सांगायला हवे. ही जबाबदारी संशोधकांची आहे, तशीच बातमी देणाऱ्यांचीही.

मग बदलायचे काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे निष्कर्ष सहभागी लोकांपर्यंत पोहोचवण्याची अपेक्षा ठेवतात. पण बढती आणि नवा निधी मिळताना मोजले जातात ते प्रामुख्याने शोधनिबंध. त्यामुळे गावातली बैठक कायम ‘वेळ उरला तर’ या यादीत राहते.

उपाय अवघड नाही. निधी देणाऱ्या संस्थांनी प्रस्तावातच विचारावे : निष्कर्ष गावाला कोण सांगणार, कोणत्या भाषेत, कधी आणि त्यासाठी किती पैसे ठेवले आहेत? उत्तर नसेल, तर प्रस्ताव अपुरा समजावा. ज्यांनी स्वतःच्या घराची माहिती दिली, त्यांना तिचा निकाल कळणे हा उपकार नाही, हक्क आहे.