पऱ्हाटीत दिसलेली उत्क्रांती

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. हा सिद्धांत अभ्यासक्रमातून बदलावा, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्याच हंगामात मराठवाडा-विदर्भातला शेतकरी स्वतःच विष तयार करणाऱ्या बीटी कपाशीवर एकेकाळी मरणाऱ्या गुलाबी बोंडअळीने पोखरलेली बोंडं फोडून पाहत होता. डोळ्यांदेखत घडलेली उत्क्रांती याहून वेगळी काय असते?

यावर कुणी म्हणतं, बियाणं बोगस होतं. बाजारात बोगस बियाणं होतंच. पण मान्यता असलेल्या बीटीवरही अळी जगली. दुसरा समज जास्त खोल रुजला आहे: अळीला विषाची सवय झाली. हे साफ चूक आहे. ज्या अळ्यांना विष बाधत होतं त्या मेल्या, सवय व्हायला उरल्याच नाहीत. पहिल्या बीटीचं विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटून तिला मारतं. थोड्या अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकातच बदल झालेला होता, विषाला तिथे धरायला जागा सापडेना. त्या वाचल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीच संतती वाढत गेली. एकही अळी आयुष्यात बदलली नाही. बदललं ते त्यांच्या समूहातलं जनुकांचं प्रमाण.

सवयीचा मुद्दा खरा असता तर हिरव्या बोंडअळीलाही ती लागायला हवी होती. शेत तेच, बीटीही तेच. तरी ती बऱ्याच अंशी आटोक्यात राहिली, कारण ती तूर-हरभऱ्यावरही जगते. तिथे बीटीचं विष नाही, म्हणून विषाला बळी पडणारे पतंग तिथून येत राहतात. प्रतिकाराचं जनुक बहुधा अप्रभावी असतं. आई-बाप दोघांकडून आलं तरच अळी तगते. बीटीवर वाचलेल्या पतंगाचा संग तुरीवरच्या पतंगाशी झाला की त्यांची पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात. गुलाबी अळी मात्र जवळजवळ फक्त कपाशीवर जगते. विषाला बळी पडणारे तिचे पतंग कपाशीतही वाढावेत म्हणून 450 ग्रॅम बीटीबरोबर 120 ग्रॅम नॉन-बीटी सरकीचं पाकीट दिलं जात होतं.

ते पाकीट बहुतेकांनी पेरलं नाही. यात शेतकऱ्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. अळी पोसण्यासाठी कपाशी का लावायची, हे त्याला जनुकांच्या हिशेबाने कुणी समजावून सांगितलं? सवय झाली असं मानलं की उपाय एकच सुचतो, आणखी जहाल विष. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बीटी आलं, 2017 पर्यंत गुलाबी अळी त्यालाही पुरून उरली. त्यात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी राखली, की अळीला आणखी पिढ्या मिळतात आणि प्रत्येक पिढीत हीच निवड पुन्हा होते.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी 1996 पासून बीटीशेजारी नॉन-बीटी नेमाने लावली. अळी तीच होती, तरी बीटी तिथे टिकलं. पुढे वंध्य पतंगही सोडले गेले, आणि 2018 मध्ये अमेरिकेने आपली कपाशी गुलाबी बोंडअळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं.